अभ्यासात एकमेकांना धरून चालणारी छोटी लिबरल आर्ट्स कॉलेजं कशी ओळखायची?

पाऊसवेडी | २४ मार्च, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. इथे बऱ्याच वर्षांपासून वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक अकरावीत आहे, म्हणजे पुढच्या वर्षी अर्ज. जीवशास्त्र आणि इतिहास दोन्ही आवडतं, दोन्ही सोडायची तयारी नाही. मार्क चांगले आहेत.

गेल्या महिन्यात ती तापाने चार दिवस घरी होती. केमिस्ट्रीच्या लॅबचे आकडे हवे होते म्हणून तिने वर्गातल्या तिघींना मेसेज केला. दोघींनी वाचून सोडून दिला. तिसरी मुलगी दुसरीत असल्यापासून आमच्याकडे येते, होळीला हक्काने पुरणपोळी मागून खाते. तिने लिहिलं, 'सॉरी, कर्व्ह आहे ना.' म्हणजे ग्रेड वर्गातल्या इतरांशी तुलना करून; दुसरीला जास्त पडले की आपली घसरते. लेकीने फोन माझ्यापुढे धरला आणि काही न बोलता पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

त्या मुलीवर माझा राग नाही. सोळा वर्षांच्या पोरीला आपणच हे शिकवलं आहे. पण कॉलेजची चार वर्षं तरी लेकीला शेजारी बसलेल्याची भीती वाटू नये, एवढं मनापासून वाटतं. शाळेतल्या काउन्सेलरबाई म्हणाल्या, छोटी लिबरल आर्ट्स कॉलेजं बघा, म्हणजे मुख्यतः पदवीपर्यंतच शिकवणारी, जिथे विज्ञान आणि इतिहासासारखे विषय दोन्ही शिकता येतात. बघायला लागले तर प्रत्येक माहितीपत्रकात तेच: हिरवळ, हसरी चार मुलं, 'आमच्याकडे सहकार्याचं वातावरण आहे'. सगळेच म्हणतात तर खरं कुठलं, हे कसं ओळखायचं? ज्यांची मुलं अशा ठिकाणी शिकली किंवा जे तिथे शिकवतात त्यांनी कृपया लिहा. क्रमवारीच्या याद्या नकोत, त्या माझ्याकडे ढीगभर आहेत.

मिनेसोटाकर | २४ मार्च, रात्री ११:४०

ताई, तो मेसेज वाचून गलबललं.

आमचा मुलगा कार्लटन कॉलेजातून तीन वर्षांपूर्वी बाहेर पडला. नॉर्थफील्ड गाव मिनिआपोलिसपासून गाडीने पाऊण तासावर. नदीच्या एका अंगाला कार्लटन, दुसऱ्या अंगाला सेंट ओलाफ हे दुसरं कॉलेज. कार्लटनचे विद्यार्थी दोन हजारांच्या आसपास.

एक गोष्ट सांगतो. कॉलेजचं एक घर आहे, डेसी मोझेस हाऊस. या डेसी आजी १९८१ मध्ये वारल्या, आपलं राहतं घर कॉलेजला देऊन गेल्या. त्यांच्या हयातीत मुलं जशी त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन बसायची तशीच आजही येतात. पीठ, साखर, लोणी भरून ठेवलेलं असतं. कोणीही जावं, कुकी भाजाव्यात. पैसे नाहीत, पण भाजलेल्या कुकी येईल त्या सगळ्यांच्या. पहिल्या टर्मला मुलाचा फिजिक्सचा पेपर साफ झोपला. रात्री अकराला फोन आला तो या घरातूनच. मागे भांड्यांचा आवाज, कोणीतरी ओव्हनचं दार उघडत होतं. मी विचारलं, जेवलास का? म्हणाला, 'बाबा, आम्ही पाच जण नापास आहोत, उद्या प्रोफेसरांकडे एकत्र जाणार आहोत.' त्या रात्री मी निवांत झोपलो.

आता दुसरी बाजू. तिथे दहा-दहा आठवड्यांच्या तीन टर्म असतात, प्रत्येकीत साधारण तीन विषय. एक आठवडा आजारी पडलात की टर्मचा दहावा हिस्सा गेला. मुलं नोट्स देतात, जेवण खोलीवर आणून देतात, पण टर्म कोणासाठी थांबत नाही. आणि थंडी. जानेवारीत उणे वीस सेल्सियस नेहमीचं.

गणिताची_बाई | २५ मार्च, सकाळी ६:५५

मी मिडवेस्टमधल्या (अमेरिकेच्या मध्य-उत्तर भागातल्या) अशाच एका छोट्या कॉलेजात गणित शिकवते, चौदावं वर्ष. कॉलेजचं नाव लिहीत नाही, पण जे लिहिते ते रोजचं आहे.

पाऊसवेडी, तुमच्या लेकीच्या मैत्रिणीने उत्तर एका शब्दात दिलं आहे: कर्व्ह. मुलं मुळात वाईट नसतात. 'वर्गात इतक्याच जणांना ए' असं ठरवलं की शेजाऱ्याला समजावून सांगण्यात स्वतःचं नुकसान होतं. हा नियम काढा, तीच मुलं फळ्यापाशी गर्दी करतात. म्हणून कॉलेज बघायला जाल तेव्हा 'वातावरण कसं आहे' असं विचारू नका, सगळे छानच म्हणतील. ग्रेड कशा देतात ते विचारा. पहिल्या वर्षाच्या केमिस्ट्रीत आणि बायोत किती मुलं गळतात, ती गळावीत अशीच अपेक्षा असते का, हे विचारा. गृहपाठ एकत्र करायला परवानगी आहे की तो गुन्हा आहे?

काही ठिकाणी हे नियमातच बसवलेलं आहे. फिलाडेल्फियाजवळच्या हॅवरफर्ड कॉलेजात परीक्षा आपली आपण, ठरलेल्या दिवसांत सोयीच्या वेळी देतात, पहारा द्यायला कोणी नसतं. तिथला ऑनर कोड, म्हणजे प्रामाणिकपणाचे नियम, मुलंच चालवतात आणि दरवर्षी सगळे एकत्र जमून मतदान करून तो पुन्हा मंजूर करतात. मार्कांची चर्चा करायची नाही हा तिथला रिवाज आहे. स्वार्थमोर आणि हार्वे मड इथे पहिल्या सेमिस्टरला ए, बी अशा ग्रेडच नाहीत. पोर्टलंडच्या रीडमध्ये ग्रेड नोंदवतात, पण अभ्यास बरा चालला असेल तर आपण मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही, पेपरावर शेरे तेवढे येतात.

पण नीट ऐका: ही मी नावं घेतलेली कॉलेजं अभ्यासाला अतिशय कडक आहेत. रीडमध्ये शेवटच्या वर्षी प्रत्येकाला प्रबंध लिहावाच लागतो. स्वार्थमोरची मुलं एकमेकांना सांभाळून घेतात आणि एकत्रच थकतात. आधार आहे म्हणजे ओझं कमी आहे असं समजून कोणी जाऊ नये. दरवर्षी माझ्यासमोर एखादं असं मूल बसलेलं असतं, ज्याला 'छोटं कॉलेज, सांभाळून घेतील' एवढंच सांगून पाठवलेलं असतं. त्याला मदत मागायची कशी हेच शिकवलेलं नसतं, आणि आमच्याकडे सगळी मदत मागितल्यावरच मिळते.

माझ्या खोलीबाहेर एक लांब बाक आहे. मंगळवारी संध्याकाळी तिथे आठ-दहा जण गणितं घेऊन बसतात. मी आत असते, दार उघडं. तासाभरात दोनदा कोणी आत येतं, बाकीचं बाहेरच सुटतं. तुम्ही जाल त्या कॉलेजात असा बाक शोधा. सकाळी अकराच्या टूरवर तो दिसणार नाही, रात्री आठला विज्ञानाच्या इमारतीत जा.

सतीश_एडिसन | २५ मार्च, दुपारी १२:३०

वेगळं मत मांडतो, राग नसावा. माझ्या दोन्ही मुली राज्याच्या विद्यापीठात शिकल्या आणि छान मार्गी लागल्या. या छोट्या कॉलेजांचा वर्षाचा खर्च ८५ हजार डॉलरच्या पुढे गेला आहे. चार वर्षांत घराची किंमत होते. वर भारतात नाव कोणाला ठाऊक नाही. आणि खरं जग स्पर्धेचंच आहे, चार वर्षं मऊ गादीवर ठेवून पुढे काय? बायो करायचं असेल तर मोठ्या लॅब मोठ्या विद्यापीठातच असतात.

गणिताची_बाई | २५ मार्च, दुपारी ४:०५

सतीशदादा, पैशांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर, त्यावर कोणीतरी सविस्तर लिहावं.

लॅबचं मात्र तसं नाही. मोठ्या लॅबमध्ये पीएचडीचे विद्यार्थी आणि पोस्टडॉक (पीएचडीनंतर संशोधन करणारे) आधी असतात, पदवीचं मूल रांगेत शेवटी. आमच्याकडे पीएचडीवाले नाहीतच, त्यामुळे दुसऱ्या वर्षाची मुलगी थेट प्रोफेसरच्या शेजारी उभी राहून प्रयोग करते. इंटेलच्या संस्थापकांपैकी रॉबर्ट नॉइस आयोवातल्या ग्रिनेलचे. रसायनशास्त्राचं १९८९ चं नोबेल मिळालेले थॉमस चेक हेही ग्रिनेलचेच. त्यांच्याकडे पोस्टडॉक केलेल्या जेनिफर डाउडना पोमोनाच्या, त्यांना २०२० चं नोबेल मिळालं. पदवीधरांपैकी किती टक्के पुढे पीएचडी करतात हे पाहिलं तर रीड, स्वार्थमोर, कार्लटन, ग्रिनेल, हार्वे मड देशात अगदी वरच्या फळीत येतात.

आणि मऊ गादी नाही हो. बारा जणांच्या वर्गात वाचून न आलेलं मूल लपायला जागा शोधतं आणि त्याला ती मिळत नाही.

तळ्याकाठी | २५ मार्च, रात्री ९:१८

पैशांबद्दल मी लिहिते, दोनदा यातून गेले आहे.

यादीतली किंमत बघून कॉलेज खोडू नका. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, कायद्यानेच ठेवावा लागतो. उत्पन्न, बचत, घर सगळं खरं भरा. अर्ध्या तासात आपल्याला साधारण किती भरावं लागेल ते कळतं. आमच्या बाबतीत एका छोट्या कॉलेजचा आकडा राज्याच्या विद्यापीठापेक्षा कमी आला होता. शेजाऱ्यांच्या बाबतीत उलटं झालं, दोघांचे पगार चांगले म्हणून मदत शून्य.

विल्यम्स, ॲमहर्स्ट, हॅवरफर्ड, स्वार्थमोर अशी कॉलेजं गरज पाहून मदत देतात, हुशारीच्या शिष्यवृत्त्या सहसा देत नाहीत. मधल्या उत्पन्नाच्या आपल्यासारख्या घरांनी म्हणून डेनिसन, वूस्टर, मॅकॅलेस्टर, ग्रिनेल, ओबर्लिन हीही बघावीत, तिथे मेरिटवर पैसे मिळतात. ग्रिनेलने २०२१ पासून मदतीच्या पॅकेजमधून कर्ज काढून टाकलं आहे. वूस्टर मला स्वतःला फार आवडलं. तिथे शेवटच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थी एका प्रोफेसरबरोबर स्वतःचा संशोधन प्रकल्प करतो, हुशार चारच जण नव्हे, प्रत्येक जण. ज्या दिवशी सगळ्यांचे प्रकल्प जमा होतात त्या दिवशी मिरवणूक निघते.

भारतातून अर्ज करणाऱ्यांनी लक्षात ठेवा: बहुतेक ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली की प्रवेश अवघड होतो. ॲमहर्स्ट आणि बोडन मात्र परदेशी मुलांचाही अर्ज पैशांकडे न बघता वाचतात.

कॉलेजची तब्येतही बघा. न्यूयॉर्क राज्यातलं वेल्स कॉलेज, १८६८ चं, २०२४ च्या वसंतात सेमिस्टर संपताना बंद झालं. मुलांना जेमतेम काही आठवड्यांची सूचना. प्रेमळ वातावरण तिथेही होतं. ठेवी किती, विद्यार्थीसंख्या दरवर्षी घटते आहे का, हे विचारायला लाजू नका.

नाशिकची_चिमणी | २६ मार्च, पहाटे २:२०

काकू, मी नाशिकची, इथे अशाच एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, मदतीवर आले आहे.

चांगलं आधी सांगते. पहिल्या आठवड्यात मला कोणी मार्क विचारले नाहीत. मी बारावीच्या क्लासमधून आले होते, तिथे दर रविवारी टेस्टच्या निकालाची यादी दाराला लागायची. इथे मी एकदा एका मुलीला विचारलं, तुला किती पडले? तिचा चेहरा असा झाला जणू मी तिचा पगार विचारला. मग तीच म्हणाली, तुला कुठलं गणित आलं नाही ते सांग.

आता अवघड ते. पंधराशे मुलांच्या कॉलेजात कोणाशी बिनसलं की ते माणूस सकाळी नाश्त्याला, दुपारी वर्गात, रात्री लायब्ररीत दिसतं. दुसरा ग्रुप शोधायला जागा नसते. एखादे प्रोफेसर वर्षभर रजेवर गेले की तो विषय वर्षभर नाही. काही कॉलेजांत कॉम्प्युटरच्या वर्गांना लॉटरी लागते, हे आधी विचारून घ्या. गावात एक किराणा दुकान, शहराची बस शनिवारीच. दिवाळीला आम्ही सहा जण होतो, त्यात मराठी मी एकटी. चकलीचा सोऱ्या आईने बॅगेत घातला होता, भाजणी नव्हती म्हणून तांदळाच्या पिठाच्या केल्या. तुटल्या, पण संपल्या.

एक प्रश्न टूरवर नक्की विचारा: क्लबमध्ये शिरायला मुलाखत लागते का? काही नामांकित ठिकाणी वादविवादाच्या, अगदी समाजसेवेच्या क्लबलासुद्धा चाळणी लावतात. तिथे वर्गाबाहेरही शाळेतलंच चालू राहतं. आमच्याकडे नाव लिहिलं की झालं.

अरुंधती_पुणे | २६ मार्च, सकाळी ११:०५

सतीशराव, भारतात नाव कोणाला ठाऊक नाही म्हणालात म्हणून राहवलं नाही. कार्लटनचं नाव महाराष्ट्राला ठाऊक असायला हवं. डॉ. आंबेडकर आणि दलित चळवळ यांवर आयुष्यभर काम केलेल्या एलिनॉर झेलियट तिथेच इतिहास शिकवायच्या. २०१६ मध्ये त्या गेल्या. कासेगावात राहून शेवटपर्यंत इथल्या चळवळीत वावरलेल्या गेल ऑम्व्हेट कार्लटनच्याच विद्यार्थिनी.

मिडवेस्टमधल्या या छोट्या कॉलेजांच्या संघाचा अभ्यासक्रम अनेक वर्षं पुण्यात चालायचा. मुलं सेमिस्टरभर पुणेकरांच्या घरी राहायची, मराठी शिकायची. आयोवाची एक मुलगी आमच्याकडे होती. 'ळ' काही केल्या येईना. मग बरोबरच्या चार जणांना घेऊन आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसली आणि तासभर 'बाळ, काळा, कावळा' चाललं. एकाला आला की तो दुसऱ्याला जीभ कुठे लावायची ते दाखवायचा. आमच्या सासूबाई पोळ्या लाटता लाटता दुरुस्त करायच्या. एक मुलगा आजारी पडला तेव्हा हिने आपल्या वहीतून त्याच्यासाठी सगळं पुन्हा हाताने उतरवलं, कोणी सांगितलं नव्हतं. मला तेव्हा नवल वाटलं होतं. आमच्या सोसायटीत दहावीची गाइडं कपाटात लपवून ठेवायची पद्धत होती.

आषाढसरी | २७ मार्च, रात्री ८:४७

आमचा अनुभव चांगला नाही, तोही इथे असावा म्हणून लिहिते.

मुलगा डोंगरातल्या एका छोट्या कॉलेजात गेला, नाव लिहीत नाही. टूर सुंदर, लोक गोड. पण तिथला निम्मा वर्ग कुठल्या ना कुठल्या खेळाच्या संघात. संघातली मुलं एकत्र जेवायची, एकत्र राहायची. आमचा खेळणारा नाही, बोलायला वेळ लावणारा. शाकाहारी जेवण म्हणजे पास्ता आणि सॅलड. ऑक्टोबरपासून तो जेवणाचा डबा खोलीवर नेऊन खायला लागला आणि ते आम्हाला डिसेंबरात कळलं. समुपदेशकाची वेळ तीन आठवड्यांनी मिळाली. दुसऱ्या वर्षी बदलून मोठ्या शहरातल्या विद्यापीठात गेला, आता बरा आहे.

आम्ही पहिल्या वर्षातून दुसऱ्यात किती मुलं टिकतात तो आकडा बघितलाच नव्हता. तो कॉमन डेटा सेटमध्ये, म्हणजे कॉलेजं स्वतःबद्दल प्रसिद्ध करतात त्या आकडेवारीत, असतो, वर्ग किती मोठे तेही त्यातच. आणि खेळाडू किती टक्के, हे विचारा. रविवारी दुपारी भोजनगृहात जाऊन बसा. एकटं जेवणारं मूल दिसलं तर त्याच्याशी कोणी बोलतं का ते बघा.

पाऊसवेडी | २७ मार्च, रात्री १०:३०

आषाढसरी, डबा खोलीवर नेल्याचं वाचून आत कालवलं. लिहिलंत, फार उपकार झाले. सगळ्यांचे प्रतिसाद लेकीला वाचून दाखवले, मराठी वाचायला तिला वेळ लागतो. एप्रिलच्या सुट्टीत तीन ठिकाणी जातो आहोत. आल्यावर लिहिते.

पाऊसवेडी | १९ एप्रिल, रात्री ११:१५

धागा वर काढते आहे. जाऊन आलो.

पहिलं कॉलेज, नाव लिहीत नाही. टूर देणारा मुलगा 'आम्ही सगळे एक कुटुंब आहोत' असं तीनदा म्हणाला. संध्याकाळी विज्ञानाच्या इमारतीत गेलो. प्रत्येक टेबलावर एक मूल, कानात इअरफोन. कदाचित परीक्षेचा आठवडा असेल, एका संध्याकाळवरून दोष देत नाही. पण लेक तिथे पाच मिनिटंसुद्धा रेंगाळली नाही.

दुसरं, मॅसॅच्युसेट्समधलं स्मिथ, तिला आवडलं. मोठी डॉर्म नाहीत, घरं आहेत, पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंतच्या मुली एकत्र राहतात. शेजारची ॲमहर्स्ट, माउंट होल्योक आणि राज्याचं विद्यापीठ, सगळीकडचे वर्ग करता येतात, बस फिरते. छोट्या जागेत कोंडल्यासारखं होण्याची चिमणीने सांगितलेली भीती तिथे कमी वाटली. फक्त मुलींचं कॉलेज हवं का, यावर लेकीचं अजून ठरत नाही.

मग हॅवरफर्ड. बाईंनी सांगितल्याप्रमाणे रात्री आठला गेलो. एका खोलीत पाच जण आणि फळ्यावर सगळीकडे बाण. लेक दारात घुटमळली. एक मुलगी म्हणाली, 'आत ये, तुला जनुकं आवडतात का?' मी बाहेर बसले. चाळीस मिनिटांनी ती बाहेर आली तेव्हा हाताला हिरवा मार्कर लागला होता. गाडीत बसल्यावर म्हणाली, 'आई, त्यांचं उत्तर चुकलं होतं. मी सांगितलं तर त्यांनी सगळं पुसलं आणि पुन्हा सुरू केलं. कोणाला काही वाटलंच नाही.' मग घरापर्यंत त्या जनुकाबद्दलच बोलत होती. दीड तास.

तिथे अर्ली डिसिजन करावं असं तिच्या मनात आहे. करावं का?

तळ्याकाठी | २० एप्रिल, सकाळी ७:३०

अर्ली डिसिजन म्हणजे प्रवेश मिळाला की जावंच लागतं, दुसरीकडच्या मदतीशी तुलना करता येत नाही. त्यामुळे आधी कॅल्क्युलेटर. तो आकडा तुम्ही दोघं शांतपणे चार वर्षं भरू शकत असाल तरच करा. मदत अगदीच कमी आली तर नाही म्हणता येतं, पण त्या भरवशावर अर्ज करू नका.

पाऊसवेडी | २० एप्रिल, रात्री ९:५०

आज संध्याकाळी कॅल्क्युलेटर भरला. आकडा आमच्या कल्पनेपेक्षा वर्षाला नऊ हजारांनी जास्त आला. अहो म्हणाले, गाडी अजून पाच वर्षं चालेल. मी म्हटलं, घाई नको. वूस्टर आणि ग्रिनेलचेही आकडे काढते आहे. लेकीला अजून एक तरी मिडवेस्टचं बघायचं आहे, कार्लटन. मिनेसोटाकर, ऑक्टोबरात आलो तर थंडीचं काय काय आणावं लागेल?

मिनेसोटाकर | २० एप्रिल, रात्री १०:२२

ऑक्टोबरात साधं जाकीट पुरतं, टोपी असू द्या. हॉटेल बघू नका, आमच्याकडे उतरा, वरची खोली मोकळीच आहे. मुलगा वीकेंडला येतो, तो लेकीला रात्री डेसी मोझेसला घेऊन जाईल. तारखा मला निरोप पाठवून कळवा.